मीटर वाचायला आता कुणी येणार नाही

मंडळी, आज सकाळी वारज्यातल्या आमच्या सोसायटीत पाण्याच्या मीटरांना वायरलेस यंत्रं बसली. बसवणाऱ्या मुलीनं जिन्यात उभ्या उभ्या मोबाइलवर आमचं रीडिंग दाखवलं. "काका, आता कुणाला दार उघडायला नको!" पुणेकराला याहून मोठं सुख कोणतं?

तरी चुकल्यासारखं वाटलं. गेली बारा वर्षं दर महिन्याला मीटर वाचायला शेखचाचा यायचे. मीटर आमच्या बाथरूममध्ये. ते वाकून टॉर्चच्या उजेडात आकडे सांगायचे, मी लिहून घ्यायचो. मी संस्कृतचा मास्तर; एकदा गंमत म्हणून त्यांना संस्कृत आकडे शिकवले. तेव्हापासून आतून खणखणीत संथा ऐकू यायची, "लिहा गुरुजी! सप्त, पञ्च, शून्यम्!" उच्चार माझ्या विद्यार्थ्यांपेक्षा शुद्ध.

दुपारी त्यांना फोन केला. म्हटलं, "चाचा, मीटर वाचायचं नसलं तरी येत जा."

"येईन हो. पण दारात उभं राहून काय सांगू? पुण्यात कामाशिवाय कुणी कुणाकडे जातं का, गुरुजी?"

बारा वर्षांत मी त्यांना एकदाही "बसा" म्हटलं नव्हतं, हे तेव्हा लक्षात आलं.

रविवारी जेवायला बोलावलंय. येतो म्हणालेत.

तुमच्या दारी असं कोण यायचं, ज्यांना बसा म्हणायचं राहून गेलं?