चिंचेने उजळलेली काडतुसं
चिंच भिजवल्याचा आंबट वास आला की सासऱ्यांची सहा काडतुसं आठवतात. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला वडील मला माहेरी न्यायला कोरीटला, माझ्या सासरी आले, तेव्हा सासऱ्यांनी बाजेवर पिस्तूल ठेवलं आणि त्यांना पाणीही न विचारता परतवून लावलं. पुढच्या दसऱ्याला, शस्त्रपूजेआधी, त्यांनी कमरपट्ट्यातली काडतुसं माझ्यापुढे टाकली. "बुकं वाचता येतस ना तुले, मंग हाई बी घासता ई." चामड्यात राहून पितळ हिरवं पडलं होतं, एकाची गोळी आत सरकली होती. अशी काडतुसं वेगळी काढायची, हे पोलिसात असलेल्या वडिलांनीच मला शिकवलं होतं. मी एकही वेगळं काढलं नाही. चिंचेने घासून सगळी सोन्यासारखी केली. संध्याकाळी सोनं वाटताना सासऱ्यांनी गावासमोर पिस्तूल आभाळाकडे धरलं. नुसतं टिक झालं, पुन्हा टिक. एक म्हातारा म्हणाला, "पाटील, तुन्ही बंदूकना उपास अजून सुटना नही का?" बायका पदराआड हसल्या, त्यांत मीही होते. वडिलांना हे मी कधी सांगितलं नाही. ते रागावले असते, कारण असं खराब काडतूस नळीतच फुटलं तर हात जातो. मला ते घासतानाही माहीत होतं, आणि तरी मी काडतुसं चिंचेच्या पाण्यात जरा जास्तच भिजवली होती.