चारशे बारावी बादली

गेली बावीस वर्षं यरुशलेमजवळच्या त्या टेकडीतून निघालेलं एकूण एक खापर तिर्झा बराशीच्या हाताखालून गेलं होतं. खणणारे खणत, प्रोफेसर लेख लिहीत, आणि या दोघांच्या मध्ये पत्र्याच्या शेडमध्ये पाण्याच्या टबाशी तिर्झा बसे. खापराला ब्रश लावण्याआधी ते नुसतं बुडवून उन्हात धरायचं. शाईची रेघ दिसली तर तसंच बाजूला ठेवायचं. न बघता घासलं की अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीची अक्षरं गेली गटारात. आपल्या हातून असं एकदाही झालेलं नाही, हे ती कुणी न विचारताही सांगे.

म्हणून त्या रविवारी सकाळी तिच्या स्टुलावर प्रोफेसर एल्हानान बाह्या सरसावून बसलेला दिसला, तेव्हा तिच्या कपाळाला आठी पडली. बावीस वर्षांत या माणसाची बोटं चिखलाच्या पाण्यात गेली नव्हती.

"आज हे काय नवीन?"

"तुझी पाठ दुखतेय ना? बस जरा. चहा घे."

तिचा चहा अर्धा व्हायच्या आत तो ओरडला, "तिर्झा! शाई!"

तळहाताएवढं खापर, त्यावर पाच अक्षरं. एक नाव. तनाखमध्ये, म्हणजे शेडमधल्या प्रत्येकानं शाळेत पाठ केलेल्या त्या पवित्र ग्रंथात, एका राजाच्या सरदाराचं आहे ते. बादली चारशे बारा. सगळ्यात खालच्या थरातली, थेट त्या राजाच्या काळातली. शुक्रवारी भिजत घातलेली, शब्बाथभर, म्हणजे शनिवारच्या सुट्टीभर, झाकून ठेवलेली.

एल्हानान आयुष्यभर एका हातात फावडं आणि दुसऱ्या हातात तनाख घेऊन खणत आला होता. आता त्याला तेल अवीवच्या विद्यापीठातल्या नोगाचं तोंड बंद करता येणार होतं. नोगाचं म्हणणं असं, की तो ग्रंथ राजे मेल्यावर तीन-चारशे वर्षांनी, लिहिणाऱ्यांच्या सोयीनं लिहिलेला आहे. त्यावरून इतिहास ठरवायचा नाही, उलट त्यालाच पुराव्यावर घासून बघायचं.

खबर लागताच मंगळवारी नोगा हजर झाली. खापराकडे तिनं जेमतेम पाहिलं आणि थेट तिर्झाला विचारलं, "शुक्रवारी ही बादली तू भरलीस?"

"हो."

"आणि रविवारी हात यानं घातला. रोज घालतो?"

तिर्झानं ओले हात पुसले. एल्हानाननं तिच्यासमोर कागद ठेवला. बादली खड्ड्यातून आली तशीच होती, तिच्यात काही मिसळलेलं नाही, अशी साक्ष. तिच्या सहीशिवाय खापर कुठे छापता येत नव्हतं.

"उद्या करते," ती म्हणाली.

घरी शब्ताय, तिचा नवरा, भेंडीच्या आंबट रश्शातले कुब्बे, खिमा भरलेले गोळे, खात होता. पस्तीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेला माणूस. त्याचा देवावर विश्वास होता, प्रोफेसरांवर नव्हता.

"तुझ्या प्रोफेसरानंच बादलीत टाकलं असेल," तो म्हणाला.

"हळू बोल. खोटं असेल कशावरून?"

"मग पाठ तुझी दुखते ती याला बरोबर रविवारीच कशी कळली? मी तुझा नवरा, मला नाही कळली!"

"तुला कधी काय कळलंय?"

"आणि सरदार होता हे ग्रंथात लिहिलंय. मला पुरे आहे. त्याला वर मडकं कशाला लागतं? माझ्यापेक्षा त्याचाच विश्वास कच्चा."

तिर्झा ताटं उचलायला लागली. एल्हानान तिच्या मुलीच्या लग्नात नाचला होता. तरी खापर कागदात गुंडाळून आणणाऱ्या त्याच्या हाताचंच चित्र तिच्या डोळ्यांपुढे येत राहिलं.

बुधवारी ती सगळ्यांच्या आधी शेडमध्ये गेली. खापर बाहेरून आणलेलं असेल तर त्याला इथे जोड मिळणार नाही. तिनं चारशे बाराची सगळी खापरं मांडली आणि त्या तुटक्या कडेला एकेक लावून पाहिलं. एकही बसेना. मग निव्वळ सवयीनं तिनं शेजारचा ट्रे ओढला. चारशे दहा. तिसरंच खापर कडेला असं बसलं, की मध्ये नखही जाईना.

खापर खरं होतं. पण चारशे दहा आणि चारशे नऊ या वरच्या थरातल्या एका जुन्या खड्ड्यातल्या बादल्या, तीनशे वर्षांनंतरच्या. मग याचा तुकडा खालच्या थरात कसा?

आणि तिला शुक्रवार आठवला. सून माहेरच्यांना घेऊन जेवायला येणार, सूर्यास्ताच्या आत सगळं शिजून झालेलं हवं, आणि चारशे नऊ तळाशी फुटून गळत होती. तिच्यावरची आणि चारशे बारावरची चिठ्ठी एकाच खणणाऱ्याच्या अक्षरातली. एकाच खड्ड्यातल्या दोन अर्ध्या बादल्या समजून तिनं ती चारशे बारामध्ये ओतली होती. तिनंच.

जोड तिनं एकटीनंच पाहिला होता. ट्रे परत ढकलला असता तर कुणाला कळणार होतं?

दहा वाजता एल्हानान आणि नोगा दोघं आले. तिनं दोन्ही तुकडे टेबलावर जोडून ठेवले आणि सगळं सांगितलं.

"म्हणजे वरच्या थरातलं! नंतरचं!" नोगा म्हणाली.

"असं मी म्हटलं नाही. नंतरच्या लोकांनी तो खड्डा खणला तेव्हा खालच्या थरातलं वर आलंही असेल. कुठलं ते मला माहीत नाही, एवढंच सांगते."

एल्हानानचा चेहरा उतरला. "काल तर काही आठवत नव्हतं तुला. हिनं भेट घेतली का तुझी?"

"भेट?" नोगा हसली. "पकडले जाणार म्हटल्यावर बाई पुढे केलीत तुम्ही. बरं नाटक आहे."

तिर्झाला वाटलं, खोटं सांगितलं असतं तर बरं झालं असतं, निदान एकानं तरी विश्वास ठेवला असता. तिनं कागदावरचं छापील वाक्य खोडलं, खाली 'दोन बादल्या माझ्या हातून मिसळल्या, जागा अनिश्चित' असं लिहून सही केली.

नोगा फोन करायला बाहेर गेली.

"कालपासून मला वाटत होतं, तूच ते टाकलंस," तिर्झा म्हणाली.

"मी?" एल्हानान तिच्याकडे बघतच राहिला. "शुक्रवारी कमरेला हात लावून तू बसकडे निघालीस, ते पाहिलं होतं मी. म्हणून बसलो."

तिनं कागद पुढे केला. त्यानं तो तिच्या हातून घेतला नाही. तिनं टेबलावर ठेवेपर्यंत तो थांबला, आणि मग उचलला.