हळदीच्या हंगामातले सुती हातमोजे

वारंगा फाट्याजवळच्या मिशन स्कूलमध्ये प्रार्थनेआधी हात तपासले जातात. मुलं रांगेत उभी राहतात, दोन्ही हात पुढे करतात, आधी पालथे, मग उताणे, आणि मनमाया तामांग मॅडम रांगेतून चालत जातात. नखं वाढलेली दिसली तर बोटाने नुसती दाखवतात. फेब्रुवारीत या रांगेतले निम्मे हात पिवळे असतात. त्या हातांवरून मॅडमची नजर न थांबता पुढे सरकते.

नऊ वर्षांपूर्वी ती थांबली होती. तेव्हा त्यांना इथे येऊन आठच महिने झाले होते. त्यांचं गाव नेपाळच्या पूर्व टोकाला, इलाम जिल्ह्यात. तिथल्या मिशनच्या शाळेत त्या गणित शिकवायच्या. इथल्या सिस्टरांना गणिताला कोणी मिळत नव्हतं, म्हणून दोन वर्षांच्या बोलीवर त्या आल्या. बस, आगगाडी, पुन्हा बस, असा तीन दिवसांचा प्रवास. पहिल्याच हंगामात त्यांनी अकरा मुलांना हात अस्वच्छ म्हणून नळावर पाठवलं. मुलांनी साबण लावला, मग माती लावली, मग विटेच्या तुकड्याने घासलं. पहिला तास संपला तेव्हा हात लाल झाले होते आणि पिवळेही राहिले होते. हा मळ नाही, हळद आहे, असं एकाही मुलाने सांगितलं नाही. हळद मोडून हात असे रंगतात हे एवढ्या शिकलेल्या मॅडमना माहीत नसेल, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी डोंगरकडा गावच्या द्वारकाबाई शाळेत आल्या. त्या अकरा जणांत त्यांची मोठी नात प्रियंका होती.

"मॅडम, लेकराचे हात सोलून काढले की वं! हळद अशी धुऊन जाती का कुठं?" त्यांनी स्वतःचे दोन्ही हात टेबलावर ठेवले. "हे बघ. साठ वरसं धुऊन राहिले."

मॅडमनी माफी मागितली. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पुढच्या रविवारी त्या द्वारकाबाईंच्या शेतात गेल्या आणि जमिनीतून निघालेला कंद शिजून, वाळून, हळकुंड होईपर्यंत काय काय करावं लागतं ते विचारून आल्या. माफी गाव विसरलं. शेतात आल्या होत्या, हे अजून सांगतात.

आता त्या बेचाळीस वर्षांच्या आहेत. दोन वर्षांची बोली कधी मोडली ते त्यांनाही नेमकं आठवत नाही. पाचवी ते सातवीचं गणित आणि इंग्रजी त्यांच्याकडे आहे, शिवाय मुलींच्या वसतिगृहाची जबाबदारी. पहाटे पाचला बत्तीस मुली उठवायच्या, लहानग्यांच्या वेण्या घालायच्या, कोणाला ताप आहे ते गालाला हात लावून बघायचं, आणि साडेआठला शाळेची बस आली की फाटकापाशी उभं राहायचं. दिवसाला सात तास, त्यातला एक मोकळा. तोही बहुधा रजेवर असलेल्या कोणाच्या तरी वर्गात जातो. दुपारचा डबा त्या उभ्यानेच खातात. बसचे चालक बाबूसिंग म्हणतात, "मॅडमला बसलेली बघायची आसंल तर माझ्या गाडीत बघा. तिथंबी विणत असते."

विणणं हे खरं. डोंगरातल्या बायकांसारख्या त्या चालता चालताही विणतात. मराठी त्या पुस्तकातून शिकल्या नाहीत, दहा वर्षांच्या मुलांकडून शिकल्या. त्यामुळे "काहून आला न्हाईस काल?" असं त्या विचारतात तेव्हा डोळे मिटून ऐकणाऱ्याला वाटावं, आखाडा बाळापूरचीच कोणी बाई बोलून राहिली. शिक्षण खात्याच्या एका पाहुण्यांनी एकदा त्यांना "शुद्ध बोला" असं सुचवलं होतं. मॅडमनी नम्रपणे "व्हय" म्हटलं.

गेल्या वर्षी त्यांची एक विद्यार्थिनी, ज्योती, पाचवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेला बसली होती. सरावाच्या प्रत्येक परीक्षेत ती पहिली. निकाल लागला तेव्हा यादीत तिचं नाव नव्हतं. गुण अपेक्षेपेक्षा पुष्कळ कमी होते. या परीक्षेत उत्तरं लिहायची नसतात. छापील कागदावरचे बारीक गोल पेनाने भरायचे असतात आणि तो कागद यंत्र तपासतं. मॅडमनी ज्योतीचे सरावाचे जुने कागद बाहेर काढले. उजव्या कडेला, जिथे तळहात टेकतो तिथे, प्रत्येकावर पिवळा डाग होता. घामाने ओला झालेला हात गोलांवरून सरकला की शाई पसरायची आणि हळद उतरायची. ज्योतीचे गुण यानेच गेले असं कोणी सिद्ध केलेलं नाही. त्या दिवशी तिची उत्तरंच चुकली असतील. पण मॅडमनी ते मनावर घेतलं.

यंदा त्यांचे सात विद्यार्थी बसणार होते. त्यांत द्वारकाबाईंची धाकटी नात आरोही. आकड्यांच्या बाबतीत ही मुलगी ज्योतीहून तेज आहे, हे मॅडम तिच्यासमोर कधी बोलत नाहीत. बेत साधा होता: परीक्षेआधीचे आठ दिवस तिला वसतिगृहात ठेवायचं. हळदीला हात लागणार नाही, सराव होईल.

बेत सोमवारी मोडला. आरोही शाळेत आलीच नाही. चार वाजता बसबरोबर मॅडम डोंगरकड्याला गेल्या. आरोहीचे वडील वैजनाथ बांधावर उभे होते. शेतात हळदीच्या कंदांचे गड्डे निघून पडले होते आणि घरची सगळी माणसं ते मोडून माती झाडत बसली होती.

"मॅडम, शुक्रवारी कुकरचा नंबर हाय," वैजनाथ म्हणाले. हळद शिजवायचं यंत्र अख्ख्या शिवारात एकच फिरतं आणि नंबराने येतं. "त्याच्या आत सगळी हळद मोडून तयार पायजे. नंबर हुकला तर पुढची पाळी दहा दिवसांनी. तवर माल खराब."

"आणि परीक्षा रविवारी हाय, भाऊ."

"ते बी मला ठावं हाय. पन हात कुठून आणू? एक माणूस कमी झालं तर बराबर एक दिवस मागं पडतो मी."

आरोही मान खाली घालून कंद मोडत होती. परीक्षेचं नाव निघालं तेव्हा तिचे हात थांबले, आजीने बघितल्यावर पुन्हा चालू झाले.

मॅडमनी वाद घातला नाही. शिक्षणाचं महत्त्वही सांगितलं नाही. ते वैजनाथना माहीत होतं. त्यांनी हिशेब मांडला. आरोही सकाळी शाळेत येईल, एकच्या सुट्टीला बाबूसिंग तिला घरी आणून सोडतील. दुपारी ती मोडायला बसेल. सकाळच्या कामाची जी तूट पडेल, ती साडेचार ते साडेसहा मॅडम स्वतः येऊन भरून काढतील.

"तुमी? हळद मोडता?" वैजनाथ हसले.

"शिकवा की. मी तुमच्या पोरींला शिकवलं, तुमी मला शिकवा."

"तिला माझ्याजवळ बसव, वैजनाथा," द्वारकाबाई म्हणाल्या. "हात वळला तर बरं, न्हाई वळला तर उद्या आपोआप येणार न्हाई."

मंगळवार, बुधवार, गुरुवार. वसतिगृहातल्या मुलींचा संध्याकाळचा अभ्यास सिस्टरांनी सांभाळला आणि मॅडम रोज बाबूसिंगच्या बसने शेतात आल्या. पहिल्या दिवशी त्यांच्या ढिगात अर्ध्या कंदांना माती तशीच राहिली. द्वारकाबाईंनी तो ढीग गुपचूप पुन्हा झाडला. तिसऱ्या दिवशी झाडावा लागला नाही. हात चालत होते तसे प्रश्नही चालत होते. शिजल्या-वाळल्यावर पाच क्विंटल ओल्या हळदीची एक क्विंटल राहते, तर साडेसत्तावीस क्विंटलची किती? आरोही उत्तर द्यायची आणि वैजनाथ लांबून म्हणायचे, "पोरगी बराबर सांगून राहिली. व्यापारी असं सांगत न्हाई."

गुरुवारी सगळं उरकलं. द्वारकाबाईंनी मॅडमचे हात धरून उताणे केले. कोपरापर्यंत रंग चढला होता.

"लगीन न्हाई केलंस माय, पन हळद लागली बघ. आता ह्याच हंगामात नवरदेव हुडकते तुझ्यासाठी."

"हुडका, आजी. पण हळद मोडता येणारा हुडका. मला एकटीला तकलीफ व्हती."

द्वारकाबाई इतक्या हसल्या की त्यांना टेकावं लागलं.

शुक्रवारी सकाळच्या तपासणीत मॅडम रांगेतून गेल्या तेव्हा मुलांनी आपले हात पुढे केले आणि त्यांचे बघितले. रांगेच्या टोकाला त्यांनी आपलेही दोन्ही हात पुढे केले, आधी पालथे, मग उताणे, आणि प्रार्थना सुरू झाली.

पण आरोहीच्या हातांचा प्रश्न तसाच होता. लिंबू झालं, चिंच झाली, बेसन झालं. शनिवारी मॅडमनी तिला ओला तळहात कोऱ्या कागदावर टेकवायला सांगितला. डाग उमटला, फिका पण स्पष्ट. मग त्यांनी कपाटातून एक पिशवी काढली. ज्योतीचा निकाल लागल्यापासून बसमध्ये, फाटकापाशी, प्रार्थनेनंतरच्या पाच मिनिटांत त्या जे विणत होत्या ते त्यात होतं: पांढऱ्या सुती दोऱ्याचे हातमोजे, तळहात झाकणारे, बोटं उघडी ठेवणारे. सातपैकी पाच मुलं हळदीच्या घरची, म्हणून पाच जोड्या. हिंगोली जिल्ह्यात हातमोजे घातलेलं माणूस पोरांनी फक्त मोटारसायकलवर बघितलं होतं.

"मॅडम, पोरं हसतील," आरोही म्हणाली.

"हसू दे. गोल भरायचे तुला हायत का त्यांला?"

रविवारी आखाडा बाळापूरच्या केंद्रावर दोन पेपर होते, मध्ये दीड तासाची सुट्टी. मॅडम फाटकाबाहेर कडुलिंबाखाली थांबल्या. आत काय झालं ते आरोहीने नंतर सांगितलं. पहिल्याच पेपरला पर्यवेक्षक बाई तिच्या बाकाशी थांबल्या.

"हे काय घातलंस? चिठ्ठी लपवलीस का? काढ."

आरोहीने काढले. बाईंनी दोन्ही उलटे केले. आतली बाजू पिवळी झालेली होती. चिठ्ठी नव्हती.

"उकडत नाही का गं?"

"उकडतंय. पण हाताची हळद कागदाला लागती."

बाईंनी तिचा तळहात बघितला आणि हातमोजे परत दिले. म्हणाल्या, "घाल. आणि वेळ घालवू नकोस."

साडेतीनला मुलं बाहेर आली. मॅडमनी पेपर कसा गेला हे विचारलं नाही. तो त्यांचा नियम आहे. बसमध्ये हातमोजे गोळा केले. नऊ निघाले. आरोहीने एकच दिला होता, उजव्या हाताचा.

"डावा कुठं?"

आरोही खिडकीबाहेर बघत होती. "दुसऱ्या पेपरला दिला."

"कोणाला?"

"मागच्या बाकावर एक पोरगी व्हती, दुसऱ्या शाळेची. तिचा कागद पिवळा व्हत व्हता. ती रडाया लागली. ती डावरी हाय, मॅडम. डाव्या हातानं लिहिती."

"आणि तुझा डावा हात?"

"मांडीवर ठिवला. सगळा पेपर. कागद सरकत व्हता, पण उजव्यानंच धरला."

पुढून बाबूसिंग म्हणाले, "नाव तरी इचारलं का तिचं? आपला मोजा गेला की."

"पेपर चालू असताना बोलायचं नसतंय, काका," आरोही म्हणाली.

काही महिन्यांनी यादी लागली. आरोहीचं नाव त्यात आहे. शाळेतल्या आणखी दोघांचंही आहे. त्यांतला एक हळदीच्या घरचा नाही आणि त्याने हातमोजे घातले नव्हते. तेव्हा हे यश दोऱ्याचं की गणिताचं, तेही कोणी सिद्ध केलेलं नाही. वैजनाथ यादीचा फोटो मोबाइलवर ठेवून आहेत आणि कुकरचा नंबर घ्यायला जातात तेव्हा कोणी न विचारता दाखवतात. त्या डावऱ्या मुलीचं काय झालं ते कळलं नाही. तिचं नाव माहीत नसल्याने यादीत शोधताही आलं नाही.

निकालाच्या आठवड्यात मॅडमनी बाबूसिंगला नांदेडहून सुती दोरा आणायला सांगितला. पुढच्या परीक्षेला शाळेचे नऊ विद्यार्थी बसणार आहेत, त्यांतले सहा हळदीच्या घरचे. मॅडम वीस जोड्या विणून राहिल्या आहेत. सिस्टरांनी विचारलं, एवढ्या कशाला. मॅडम म्हणाल्या, केंद्रावर आठ शाळांची मुलं येतात.