ह्यांचा सदरा

आमच्या वारज्याच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक मुलगी राहते. हिंजवडीला कंपनीत जाते. रविवारी रद्दीवाल्याकडून जुनी तिकिटं, काड्यापेटीची चित्रं, फाटकी पंचांगं आणते, कातरते आणि पुठ्ठ्यावर चिकटवते. बोटं कायम खळीने बरबटलेली. प्रत्येक वाक्याला 'बेसिकली' लावते.

"बेसिकली काका, हे कोलाज आहे."

"लोक रद्दी घराबाहेर काढतात, तू आत आण," मी म्हणतो. ती हसते. तिला राग येत नाही, हीच पंचाईत.

बायको गेली. तिच्या शिवणकामाचे कागद मला बघवेनात, म्हणून सगळे रद्दीत घातले. वर्तमानपत्राची कापलेली मापं होती ती, प्रत्येकावर गिऱ्हाइकाचं नाव लिहिलेलं.

पुढच्या रविवारी ही मुलगी दारात उभी. हातात त्यातलाच एक कागद, तिने कात्री न लावलेला.

"काका, जरा पाठमोरे व्हा." तिने तो माझ्या खांद्यांना लावला. "बाकी सगळ्यांवर नावं आहेत. ह्यावर नुसतं 'ह्यांचा सदरा, डावा खांदा उतरता' लिहिलंय. बेसिकली, जिन्यात रोज तुमच्या मागून चढते मी. हा खांदा तुमचाच."

मी चष्मा शोधला. अक्षर बायकोचंच. जन्मात तिने माझं नाव घेतलं नाही, कागदावरसुद्धा नाही.

"बाकीचे चिकटवू?"

"चिकटव. पण नावं दिसू देत."

मुलीचं नाव मी अजून विचारलेलं नाही. देवापुढे हात जोडून 'वरचीला सुखी ठेव' एवढंच म्हणतो. त्याला कळतं.