गालांवरची लाली

दवाखान्याखालच्या टपरीवर पोह्यांची फोडणी पडली आणि पौडची ती सकाळ आठवली. मला बघायला पाहुणे आले होते. मुलाच्या मामाने हसत विचारलं, "कॉलेजात कुणी आवडतं का?" कुणीच नव्हतं, पण माझं तोंड नेहमीसारखं कानापर्यंत लाल झालं. पाहुणे गेले आणि भावाने कडी लावली. "कोण हाय त्यो?" म्हणत त्याने माझं डोकं भिंतीवर आपटलं आणि गाल सुजेपर्यंत मारलं. संध्याकाळी शेजारीण माझ्या गालांकडे बघतच राहिली, तेव्हा आई म्हणाली, "लाजतीया." आज डॉक्टरांनी या लाल होण्यावर गोळ्या, समुपदेशन, अगदीच नाही जमलं तर छातीतली नस कापायचं ऑपरेशन, असे उपाय सांगितले आणि विचारलं, "हे कधीपासून होतंय?" मी तोंड उघडायच्या आत शेजारच्या खुर्चीतून आई म्हणाली, "जन्मापास्नं लाजरीच हाय ती."