वाडीवर चढणारी गाडी

कॉलेजात ‘ऑफ-रोड’ हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा तो एक खेळ असतो हे मला माहीत नव्हतं. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचे विषय फळ्यावर लिहिले होते आणि मागच्या बाकावरची मुलं चिखलातून उड्या मारणाऱ्या गाड्यांचे व्हिडिओ बघत होती. मला वाटलं, रस्ता नसलेल्या ठिकाणी जाणारी गाडी म्हणजे आमच्या घरी येणारी गाडी. म्हणून मी हात वर केला. वर्गात मी सहसा हात वर करत नाही. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच, आणि आपण चुकीच्या वेळी बोलतोय की काय ही भीती अजून गेलेली नाही.

आमची वाडी म्हसळ्याच्या अलीकडे, डोंगराच्या उतारावर आहे. एसटी खाली डांबरी रस्त्यावरच्या थांब्यावर सोडते; वाडीतल्या बाया तिथंच गप्पा मारत बसलेल्या असतात. तिथून वर जांभ्या दगडांची वाट, मध्ये एक ओहोळ, आणि शेवटचा चढ असा की डोक्यावर ओझं असलेलं माणूस तिथं बोलायचं थांबतं. आईचे गुडघे धरले तसं तिचं खाली येणं कमी होत गेलं आणि मग थांबलंच. बाबा बंदरावर ट्रेलर चालवतात, दोन-तीन आठवड्यांनी घरी येतात. मी हॉस्टेलवर. आई वर एकटी.

थंडी सरताना बाबांनी माणगावात एक खोली भाड्यानं घेतली आणि आईला म्हणाले, “राहून तर बघ. न्हाय आवडलं तर बघू.” पण तिला खाली आणायचं कसं? वाडीत आजारी माणसाला नेतात तसं प्लास्टिकच्या खुर्चीला दोन बांबू बांधले आणि चौघांनी खांद्यावर घेतलं. ओहोळापाशी आई म्हणाली, “आरं, जरा हसा तरी. कुणी बघितलं तर रडायला लागल.” चौघंही हसले. खाली उतरल्यावर मात्र तिनं माझा हात धरला आणि हळूच सांगितलं, “जित्तेपनी परत खांद्यावर न्हाय जायची मी. आता वर जाईन ती माज्या बुडावर बसून.”

म्हणजे आमची गाडी चढली तर आई घरी जाणार होती. नाहीतर खोलीत राहणार होती. बाबांनी एवढंच सांगितलं होतं की पावसाच्या आत काय ते ठरवा, मग घर वरून शाकारायचं की बंद करायचं ते त्यांना बघायला बरं.

प्रोजेक्टमधला माझा जोडीदार उरणकडचा. त्याच्या आजोबांचं मिठागर होतं, आता घरात ट्रक आहेत. इंजिनांबद्दल तो लहानपणापासून ऐकत आलेला, त्यामुळे माझ्यापेक्षा भरभर बोलायचा. मी आधी सहा आसनी रिक्षेचा सांगाडा सुचवला, कारण लहानपणापासून आम्ही तीच गाडी बघितलेली. तो म्हणाला, “ए बाई, तीन चाकं घेऊन ओहोळात काय पूजा घालणारेस?” मग आम्ही माणगावच्या एका भंगारवाल्याच्या आवारात एक जुनी जीप शोधली. इंजिन आधीच कुणीतरी काढून नेलेलं. पण चेसिस सरळ होती, चारही चाकांना जोर देणारा गिअरबॉक्स जागेवर होता आणि पोट जमिनीपासून चांगलं उंच. वाटेवरचा सगळ्यात मोठा दगड मी सुतळीनं मापून आणला होता. ती सुतळी जीपखाली उभी धरली, तर वर अजून वीतभर जागा उरली. मला इतका आनंद झाला की मी त्या गंजक्या बंपरवर हात फिरवत राहिले.

खोली तिथून जवळच होती. रविवारी बाबा आले होते, म्हणून मी दोघांना जीप दाखवायला घेऊन आले. आईनं चांगली साडी नेसली होती. तिनं जीपभोवती एक फेरी मारली, पायरीवर एक पाय ठेवला आणि वरची दांडी धरली. गुडघा वर येईना. तिनं पाय बदलला. दुसराही येईना. भंगारवाला उगाच दुसरीकडं बघत एक नटबोल्ट शोधायला लागला. आईनं पाय खाली घेतला, पदर सारखा केला आणि माझ्याकडं बघून म्हणाली, “छान हाय गाडी. उंच हाय.”

बाबा म्हणाले, “दोघं धरून बसवू की.”

“मंग खुर्ची काय वायट हुती?” आई म्हणाली.

दगड मी मापला होता. आईचा गुडघा किती वर येतो ते मापायचं मला सुचलंच नव्हतं. त्या रात्री हॉस्टेलवर मी कागदावर बुटक्या गाड्या काढत बसले. प्रत्येक बुटकी गाडी माझ्या मनात ओहोळातल्या दगडावर पोट टेकून अडकत होती. गाडी उंच ठेवावी तर आई चढत नाही, बुटकी करावी तर गाडी चढत नाही. यातून मार्ग दिसेना.

इंजिनाचं तरी मार्गी लागावं म्हणून आम्ही मुरुडला निघालो. आईचं माहेर तिकडचं. माझ्या मामाची होडी आहे आणि त्यानं तिचं जुनं डिझेल इंजिन काढून नवीन बसवलं होतं. जुनं घेऊन जा, म्हणाला. आईलाही नेलं, कारण माणगावाहून एसटीची पायरी तेवढी दोघांनी धरून चढवायची होती आणि माहेर म्हटल्यावर त्याला तिची हरकत नव्हती.

मामानं माडाखाली गोणपाटावर इंजिन ठेवलं होतं. पुसून, तेल लावून, नवरदेवासारखं.

“बाय, हे बघ,” तो मला म्हणाला. “चौदा वावपर्यंत खोल पान्यात जाऊन आलंय. कदी दगा न्हाय दिला. तुजा डोंगर काय, आरामात जाईल.”

मी खूश झाले. आमच्याकडं मजबूत इंजिन म्हणजे होडीचं इंजिन, हे मी जन्मापासून ऐकत आले होते. तेल बघितलं, शाफ्ट हातानं फिरवून बघितला. जोडीदार मात्र इंजिनाभोवती फिरत होता, काहीतरी हरवल्यासारखा.

“मामा, रेडिएटर कुठंय?” त्यानं विचारलं.

“त्यो कशाला?”

“इंजिन गार कसं होतं मग?”

मामा त्याच्याकडं बघत राहिला. मग त्यानं समोरच्या खाडीकडं हात केला. “पानी खालीच अस्तंय ना. नळीनं घ्यायचं, फिरवायचं, परत सोडायचं.”

मग मामाच आधी हसायला लागला. “च्यायला, व्हय की! डोंगरावर दर्या कुठं न्यायचा?”

मीही हसले, पण मनातून खचले. इतकी वर्षं शिकून मला इंजिन बघताना समुद्र गृहीत धरता आला होता. मी म्हटलं, रेडिएटर बसवू आपण, त्यात काय. जोडीदारानं स्क्रूड्रायव्हर मागितला आणि पाण्याच्या वाटेचं झाकण उघडून आत खरवडलं. गंजाचे पापुद्रे हातात आले. “आमच्या मिठागरावर लोखंडाचं हेच व्हायचं,” तो म्हणाला, या वेळी अगदी हळू, कारण मामा शेजारी उभा होता. “बाहेरून तेल लावलंय. पण आतून इतकी वर्षं खारं पाणी प्यायलंय ते.”

मामानं झाकण परत बसवलं, इंजिनावर हलकेच थाप मारली आणि म्हणाला, “ऱ्हाऊ दे मंग. म्हातारं झालंय.” त्याला वाईट वाटू नये म्हणून मी काहीतरी बोलायला पाहिजे होतं. मग आईच म्हणाली, “ते ऱ्हाऊ दे. मला होडीत एक चक्कर मारून आन. किती वर्सं झाली.”

मी म्हटलं, “आई, होडीत तू कशी चढणार?” जीपसमोरचं तिचं तोंड मला आठवत होतं.

होडी काठाला उथळ पाण्यात होती. आई साडी थोडी वर खोचून हळूहळू पाण्यात गेली, होडीपाशी पोचली, आणि तिनं होडीकडं पाठ केली. दोन्ही हात मागे नेऊन कड धरली आणि त्या कडेवर टेकली, दमलेली बाई ओट्यावर टेकते तशी. मग मागे रेलून कमरेतून वळली आणि तिचे दोन्ही पाय एकत्र, सरळच्या सरळ, आत गेले. गुडघा कुठंही दुमडला नाही. आत बसून तिनं साडी नीट केली आणि आमच्याकडं बघितलं. “या की. का उभं ऱ्हायलाव?”

जोडीदार माझ्याकडं बघत होता. मी त्याच्याकडं. “तिची कंबर कुठपर्यंत येते?” तो म्हणाला.

मी पाण्यात धावले.

आई होडीत बसलेली आणि मी बाहेरून तिच्या बसायच्या कडेची उंची ओढणीनं मापतेय, हे मामाला काही कळेना. “हिला काय झालं गं, ताय?” त्यानं विचारलं. आई म्हणाली, “कालेजात जाती ती.”

जीपची उंची अडचण नव्हतीच. पाय वर ठेवून चढायचं, ही आमची कल्पना अडचण होती. आम्ही डाव्या बाजूचा पत्रा कापला, आईच्या कमरेच्या उंचीला एक रुंद फळी बसवली, तिची कड गोल घासली आणि मागे रेलताना धरायला एक दांडी लावली. सरांनी विचारलं, ही कसली सीट? मी सांगितलं, आधी बसायचं, मग आत जायचं. नीट सांगता येईना तेव्हा मी सगळ्यांसमोर फळीकडं पाठ करून बसले आणि वळून आत गेले. एरवी मेले असते तरी मी असं काही केलं नसतं.

इंजिन राहिलंच होतं. जोडीदाराला चार सिलिंडरचं हवं होतं. निदान तीन तरी. माझा जीव मात्र पॉवर टिलरच्या इंजिनात अडकला. आमच्या वाडीत भाताच्या नांगरणीसाठी टिलर आहे. त्याचं एका सिलिंडरचं डिझेल इंजिन बिघडलं तर वाडीतच दुरुस्त होतं, सुटे भाग म्हसळ्यात मिळतात आणि गार व्हायचं पाणी त्याच्या डोक्यावरच्या टाकीत असतं. पण तेवढ्याशा इंजिनावर जीप चढेल? मी पुन्हा पुन्हा गणित केलं. माणूस चालतो त्या वेगानं चढायचं म्हटलं तर लागणारी ताकद मला वाटली त्यापेक्षा खूपच कमी निघत होती. जीपच्या बुटक्या गिअरमध्ये ते इंजिन पुरून उरत होतं. मोठं इंजिन लागतं ते लवकर पोचायला. मी आधी घाबरले, वाटलं कुठंतरी शून्य राहिलं. जोडीदारानं स्वतः करून बघितलं आणि थोडा हिरमुसला. “म्हणजे आपण बैलगाडी बनवतोय,” तो म्हणाला.

सादरीकरणात बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तेच विचारलं. एवढी मजबूत चेसिस आणि इतकं छोटं इंजिन का? मला गिअरचं सगळं पाठ होतं. पण तोंडातून निघालं, “आईला घाई नाही, सर.” वर्ग हसला. परीक्षकही हसले, आणि मग म्हणाले, आता आकडे दाखव. ते मी दाखवले.

मे महिन्यात एका सकाळी आम्ही गाडी टेम्पोतून वाटेच्या तोंडाशी उतरवली. डांबरीवर ती चालवायची नाही, असं सरांनी बजावलं होतं. बाबा आईला माणगावाहून घेऊन आले होते. खुर्ची वाहणाऱ्या चौघांपैकी दोघं मुद्दाम खाली येऊन थांबले होते, लागलं तर धक्का द्यायला. आईनं जीपकडं पाठ केली, फळीवर बसली, दांडी धरून रेलली आणि आत गेली. बाबांनी अर्धवट पुढं केलेले हात मागे घेतले. त्यांनी ही पद्धत आधी बघितली नव्हती.

मी चालवत होते. इंजिन टिलरसारखंच टकटकत होतं, इतक्या हळू की बाबा बाजूनं चालत होते आणि मध्येमध्ये पुढं जाऊन आमची वाट बघत होते. ओहोळात एक चाक घसरलं. पण बाकीच्या चाकांनी ओढून घेतलं. शेवटच्या चढावर गाडी जवळपास थांबल्यासारखी वाटली. आई म्हणाली, “दमानं येऊ दे तिला. आपन काय करायचंय लवकर जाऊन?” मी वेग वाढवला नाही. गाडी तशीच रांगत रांगत वर आली आणि आमच्या अंगणात उभी राहिली.

आई उतरली. बंद घराचं कुलूप काढलं, आत जाऊन आली, मागचं वालाचं सुकलेलं शेत बघून आली. बाबा तिथंच दगडावर बसून खोलीच्या मालकाला फोन लावत होते. “व्हय, या महिन्याचंच. फुडं नको,” असं काहीतरी म्हणत होते. पावसात ओहोळ भरल्यावर ही गाडी काय करेल ते मला माहीत नव्हतं, अजूनही खात्रीनं सांगता येणार नाही. मी ते बाबांना सांगणार होते.

तेवढ्यात आई गाडीपाशी आली, पाठ करून फळीवर बसली आणि आत वळली.

“आता काय?” मी विचारलं. “काही राहिलं का खाली?”

“न्हाय.”

“मग?”

“खाली चल,” ती म्हणाली. “थांब्यावर जरा बसू बायांबरोबर. मंग येऊ परत.”