मागच्या सीटवरच्या शैलाताई

शैलाताई करंदीकर टेस्ट ड्राइव्हला नेहमी मागे बसत, ड्रायव्हरच्या बरोबर मागे. सेल्समन पुढचं दार उघडून अदबीनं उभा असायचा आणि ताई मागच्या दारानं आत शिरून पट्टा लावायच्या, वरचं हँडल दोन्ही हातांनी धरायच्या आणि गाडी सुरू होण्याआधीच डोळे मिटून घ्यायच्या. "मॅडमना बरं नाही का?" असं एकानं मला हळूच विचारलंही होतं. बरं नाही कसलं! ताई कामात होत्या. आपल्याला नेमकी कुठे भीती वाटते ते त्या मनात टिपून ठेवत असत, आणि गाडी परत आली की सांगत, "दुसऱ्या वळणावर पोटात गोळा आला. ही गाडी मागून लोंबते."

सिंगापूरच्या आमच्या मराठी मंडळींत गाडी घेणं म्हणजे लग्न ठरवण्याइतका मोठा प्रकार. इथे गाडीच्या किमतीखेरीज गाडी ठेवण्याचा परवानाही बोली लावून घ्यावा लागतो. त्यामुळे प्रत्येक जण आधी ताईंकडे हौगांगला जायचा. त्यांची नोकरी मोटार विम्याची. अपघात झालेल्या गाड्यांचे फोटो पाहायचे आणि नुकसान ठरवायचं. चोवीस वर्षं त्यांनी तेच केलं. रक्त वगैरे त्या फोटोंत नसे. "पण मागच्या सीटवर डबा असतो हो," त्या म्हणायच्या. "झाकण लागलेला. नाहीतर एकच सँडल. मग दुपारी जेवण जात नाही."

त्यांना कशाची भीती वाटत नसे ते सांगणं सोपं, कारण असं काही नव्हतंच. लिफ्ट, सरकता जिना, उकळतं तेल, मोठी कुत्री, लहान कुत्री. आणि ही भीती लपवायची असते हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. चारचौघांत म्हणायच्या, "भित्र्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. माझ्यापाठी लॉरी असते."

मी त्यांच्या अगदी उलट. इचलकरंजीहून आलो तेव्हा डॉर्मिटरीत बारा जणांत झोपलो, लोकांच्या गच्च्यांना वॉटरप्रूफिंग केलं, आणि आज वुडलँड्समध्ये माझी स्वतःची लहानशी कंपनी आहे. 'भीती वाटते' म्हणालो असतो तर पहिल्याच उंच इमारतीवरून परत गावी गेलो असतो. सांगितलेल्या भावात मी आयुष्यात काही घेतलेलं नाही. आवाज चढवायचा, दारापर्यंत जायचं, समोरच्यानं हाक मारली की वळायचं. ताईंना यातलं ओ की ठो कळत नसे. मी एका जुन्या व्हॅनसाठी विक्रेत्याला अर्धा तास घाम फोडत होतो, तेवढ्यात या मागच्या सीटवरून उतरल्या आणि त्याच्यासमोरच म्हणाल्या, "गाडी फारच छान आहे हो!"

"ताई, विकणाऱ्यासमोर मालाची स्तुती करायची नसते."

"मग खोटं बोलू?"

त्या दिवशी माझा सौदा बुडाला, आणि तेव्हापासून त्यांच्याबद्दल मनात थोडं खुपतच होतं. खरं दुखणं पुढचं आहे.

मला जंगलात चालणारी गाडी हवी होती. आठवड्याचे सहा दिवस मी गच्च्यांवर असतो. माझी मुलगी साई तेव्हा नऊ वर्षांची होती आणि मला ओळखायची ती रविवारपुरती. कॉजवेचा पूल ओलांडून मलेशियात गेलं की जोहोरच्या पामच्या मळ्यांत चिखलाचे रस्ते आहेत, ओढे आहेत. ठरवलं, दर रविवारी ती आणि मी जायचं. माझ्यासमोर दोन गाड्या होत्या. एक चार दारांची पिकअप, मागे उघडा हौदा. ती मालवाहू म्हणून कंपनीच्या नावावर बसत होती आणि सहा दिवस माझे डांबराचे डबे वाहणार होती. दुसरी तिच्याच तोडीची एसयूव्ही, वापरलेली. जंगलात तितकीच दणकट, पण गच्चीच्या कामाला निरुपयोगी. मला पिकअप हवी होती. भाव मी पाडून ठेवला होता आणि सोमवारी संध्याकाळपर्यंत होकार द्यायचा होता.

माझी बायको मंजिरी बँकेत हिशेब तपासते. माझं बोलणं शांतपणे ऐकून ती म्हणाली, "अरे विनायक, गाडी तू तुझी घे. पण शैलाताई हो म्हणाल्या तरच साई तुझ्याबरोबर येईल."

म्हणजे मला पिकअप तर हवीच होती, पण ताईंचा होकार मिळाला नाही तर ती घेऊनही उपयोग नव्हता.

जोहोरपासून तासाभरावर लिम अंकल म्हणून एक चिनी म्हातारा मळ्यात लोकांना असल्या गाड्या चालवायला शिकवायचा. त्याच्याकडे दोन्ही होत्या. रविवारी सकाळी मी, साई आणि ताई तिथे पोचलो. "ताई आहेत म्हणून पाठवतेय," असं मंजिरी दारात म्हणाली होती. आदल्या दिवशी पाऊस झाला होता. माती लाल, साबणासारखी. ताईंनी ती बुटाच्या टोकानं दाबून पाहिली आणि म्हणाल्या, "विनायक, मला आत्ताच भीती वाटायला लागली."

"तुम्हाला केव्हा वाटत नाही?" मी म्हणालो. साई हसली.

एक लांब उतार होता, डाव्या हाताला ओढ्याची खोल घळ. अंकलनं इकडच्या बोलीतल्या इंग्रजीत एकच गोष्ट तीनदा सांगितली. लो गिअर टाकायचा आणि पाय बाजूला ठेवायचे. इंजिन गाडीला धरून ठेवतं. "नो ब्रेक, आह! यू ब्रेक, यू स्लाइड." मग तो खाली जाऊन उभा राहिला.

आधी एसयूव्ही नेली. आखूड गाडी, मागची चाकं पुढच्यांच्या मागोमाग आली. साई ओरडत होती, "अगेन, पपा, अगेन!" ताईंचे डोळे मिटलेले. खाली आल्यावर मी विचारलं, "कुठे गोळा आला?"

"सगळीकडे. पण गाडीमुळे नाही."

मला यातला टोमणा कळला नाही असं नाही. मी दुर्लक्ष केलं.

मग पिकअप. वरून तो उतार आता एसयूव्ही खाली जाऊन वर आल्यानं चकाकत होता. मी लो गिअर टाकला. रिकाम्या हौद्याची गाडी मागून हलकी असते हे मला रोजच्या कामातून ठाऊक होतं. तरी त्या क्षणी मला पिकअपच बरी ठरवायची होती. थोडं खाली गेल्यावर मागचं अंग उचललं गेलं. ताई म्हणाल्या, "हळू."

"हळूच आहे."

"विनायक, हळू."

माझ्या डोक्यात सणक गेली. उद्या सोमवार, भाव माझ्या हातात, आणि ही बाई मागून 'हळू, हळू' करतेय. "तुम्ही गप्प बसा हो जरा!" मी ओरडलो आणि ओरडतानाच माझा पाय ब्रेकवर आपटला.

चाकं थांबली. गाडी थांबली नाही. मागचा भाग डावीकडे निघाला, अगदी सावकाश, घाई नसल्यासारखा. अर्धे आडवे झालो. मग डाव्या बाजूला काहीतरी खचलं आणि गाडी त्या बाजूला कलली. मागचं डावं चाक घळीच्या काठावर होतं. साई डावीकडे बसली होती.

तिचा आवाज येत नव्हता. एवढी बडबडी पोर, श्वासही ऐकू येईना. आरशात पाहायची माझी हिंमत झाली नाही. काठाची माती सुटून खाली पाण्यात पडत होती. एक ढेकूळ, जरा वेळानं दुसरं. खालून अंकल ओरडत होता, "ऑफ ब्रेक! ऑफ ब्रेक लाह! नोज इज डाऊन, शी विल रोल!" मला सगळं समजत होतं. गाडीचं तोंड उताराकडे होतं, ब्रेक सोडला की ती पुढे, काठापासून दूर जाणार होती. पण पाय निघत नव्हता. गुडघ्याखाली तो माझा राहिलाच नव्हता.

"पाय काढा," ताई म्हणाल्या.

"काढतो."

"काढत नाही आहात. घाबरलात तुम्ही."

"मी घाबरलो नाही!"

तिसरं ढेकूळ पडलं. गाडी बोटभर आणखी कलली.

"विनायक, मी घाबरलेय. साई घाबरलीय. तुम्हीही घाबरलात. तेवढं कबूल करा, मग पाय सुटेल."

खरं सांगतो, तेव्हाही मी मनात घासाघीस करत होतो. आणखी एक क्षण, पाय आपोआप सुटेल, बोलावं लागणार नाही. मग साईनं पहिल्यांदा आवाज काढला. तो रडण्याचा नव्हता. तिनं नुसतं "पपा" म्हटलं, कुठल्यातरी बंद खोलीतून बोलल्यासारखं.

"घाबरलोय," मी म्हणालो. "ताई, फार घाबरलोय."

पाय निघाला. गाडीनं धक्का खाल्ला, नाक खाली करून घरंगळली, सरळ झाली आणि उतार संपताना एका पामच्या बुंध्याला टेकून उभी राहिली. मागे ताई साईला कवेत घेऊन बसल्या होत्या. त्यांनी तिच्याभोवती हात केव्हा टाकला असेल? पट्ट्यात अडकून अर्ध्या सीटवर ओढल्या गेल्या होत्या. पुढे आठवडाभर त्यांचा खांदा काळानिळा होता असं मला नंतर कळलं. मी विचारलं नव्हतं.

रस्त्याकडेच्या टपरीवर साईनं मायलोचं चॉकलेटी दूध घेतलं आणि प्यायलं नाही. कप दोन्ही हातांत धरून बसली. ती हात धुवायला गेल्यावर मी ताईंशी बोलणं काढलं.

"ठरलं. पिकअप सोडतो. एसयूव्ही घेतो. तुम्ही मंजिरीला एवढंच सांगा की एसयूव्ही चांगली."

"एसयूव्ही चांगलीच आहे. पिकअपही चांगली आहे."

"मग झालं तर. उताराचं सांगायची काय गरज?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळे अजून लाल होते. "माझ्याशी सौदा नको, विनायक. माझ्याकडे विकायला काही नाही."

संध्याकाळी आमच्या दारात, चपला काढायच्या आधी त्यांनी मंजिरीला सगळं सांगितलं. माझ्यादेखत. शेवटी म्हणाल्या, "गाडी कुठलीही घेऊ देत. साईला मात्र सहा महिने यांच्या गाडीत बसवू नकोस. रागावले की यांना पाय कुठे आहे ते कळत नाही." मग माझ्याकडे वळून, "तुम्हाला वाईट वाटेल. वाटू दे."

मला वाईट वाटलं नाही, मला राग आला. जिच्यासाठी मी जीव मुठीत धरून बसलो होतो ती माझी पोर होती, यांची नव्हे. आणि घरात माझी शोभा करणाऱ्या या कोण? दुसऱ्या दिवशी जाऊन मी पिकअपच घेतली, ठरल्या भावात. सहा दिवस डबे वाहिले. रविवारी ती खाली पार्किंगमध्ये उभी असे. ताईंशी मी बोलणं टाकलं. गणपतीला त्या समोर आल्या, "कसे आहात?" म्हणाल्या, आणि मी आरतीचं तबक दुसरीकडे नेलं. साई मात्र शनिवारी मंजिरीबरोबर त्यांच्याकडे जायची. तिथे दोघी काय बोलत ते मी विचारत नसे.

सहा महिने झाले. मी साईला म्हणालो, चल. "लेटर लाह, पपा," ती म्हणाली. त्यानंतरच्या रविवारीही तेच.

मग ताईंना ताप आला, हॉस्पिटलात नेलं आणि पाचव्या दिवशी त्या गेल्या. मंजिरी रात्रीपासून तिकडेच होती. सकाळी तिचा फोन आला, "साईला घेऊन मंडाईच्या स्मशानात ये. मला फोन करून ती यायचंच म्हणाली."

आम्ही दोघं खाली पार्किंगमध्ये आलो. पाऊस पडून गेला होता. मी पिकअपचं दार उघडलं. साई शाळेच्या बुटांत उभी होती, दारापासून चार पावलं लांब.

"पपा, आर यू अँग्री नाऊ?"

"काय?"

"शैला आँटी सेड मस्ट आस्क. बसायच्या आधी विचारायचं."

मी तोंड उघडलं. 'नाही' म्हणणार होतो, सवयीनं. मग थांबलो. मला राग होता. भयंकर राग होता. मी त्यांच्याशी भांडून घ्यायच्या आधीच त्या गेल्या होत्या. खांद्याचं विचारायचं राहिलं होतं. मंजिरीला त्यांनी सांगायला नको होतं असं मला अजूनही वाटतं. पण आता ते सुनावायला समोर कुणी नव्हतं. आणि त्या रागाच्या खाली भीतीच होती हेही मला माहीत होतं. साई वाट पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, फक्त उत्तर हवं होतं.

"हो," मी म्हणालो. "राग आलाय."

तिनं मान हलवली, जशी एखादी मोठी बाई हलवते. "ओके. देन वुई टेक बस."

मी दार लावलं. आम्ही स्टॉपवर जाऊन उभे राहिलो. बस यायला वेळ होता. थोड्या वेळानं तिनं माझा हात धरला, आणि बस आल्यावरही सोडला नाही.